उंबरठ्याचा इतिहास

गेल्या वर्षी पनवेलमध्ये मला एका बैठकीचे बोलावणे आले. विषय होता जुन्या पनवेलातील बंद पडलेली एक भातगिरणी. तिच्या आवारात कलादालन, दोनशे माणसांचे छोटे नाट्यगृह, तालमीची खोली असे काही उभे करता येईल का, याचा विचार गावातील काही रसिक मंडळी करीत होती. मंडळी सज्जन होती. एका वास्तुविशारदाने आराखडेही आणले होते. कौले तशीच राहतील, सागवानी तुळया राहतील, जुना वजनकाटा दर्शनी भागात मांडला जाईल. 'या वास्तूला नवे आयुष्य द्यायचे आहे' हे वाक्य त्या संध्याकाळी मी पाचसहा वेळा ऐकले. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, म्हणून माझ्याकडे काम आले ते गिरणीचा इतिहास एका पानात लिहून देण्याचे. ते पान फलकावर लावायचे होते.

ते पान मी अद्याप दिलेले नाही. हा लेख त्या पानाऐवजी आहे.

कारण त्या गिरणीत माझा आजा कामाला होता. म्हणजे गिरणीत नव्हे, गिरणीच्या मागे. भात भरडून झाले की तांदूळ एका बाजूने निघे आणि तूस दुसऱ्या बाजूने मागच्या अंगणात पडे. तुसाचा ढीग ओढणे, पोत्यांत भरणे, गाडीत चढवणे हे आज्याचे काम. भाताच्या पोत्याला त्याचा हात लागला तरी चाले. पांढऱ्या तांदळाच्या पोत्याला चालत नसे. भात शेतात असताना ते आमच्याच माणसांनी चिखलात उभे राहून लावलेले, कापलेले, झोडलेले असे. तेव्हा विटाळ नव्हता. साल निघाली आणि विटाळ आला. आजा हे सांगताना हसायचा. मला लहानपणी ते हसणे कळत नसे.

आता फलकावरच्या एका पानात हे बसवायचे कसे? आणि ते बसवायचे नसेल, तर जे आयुष्य या वास्तूला नव्याने द्यायचे आहे ते कोणाचे?

पनवेल हे बाजाराचे गाव. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईचा माणूस गलबताने खाडीतून पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलची भरभराट झाली. बैलगाड्यांची चाके बनवणे हा इथला नावाजलेला धंदा होता. इथली नगरपालिका १८५२ सालची. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढून गेली आणि पुण्याचा माल व उतारू कर्जत-खंडाळ्याच्या वाटेने वळले. तरीही तांदूळ, मीठ, लाकूड यांचा बाजार पनवेलला टिकून राहिला. पुढे भातगिरण्या आल्या. १९७० नंतर सिडकोचे नवे शहर आले, शेते गेली, शेतांबरोबर भात गेले आणि भाताबरोबर गिरण्याही मिटल्या. २०१६ ला महानगरपालिका झाली, २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. आता गिरणीच्या जागेचा भाव गिरणीने साऱ्या आयुष्यात मिळवलेल्या पैशापेक्षा मोठा असावा.

हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. त्यात व्यापारी असतो, साहेब असतो, घाट फोडणारा इंजिनियर असतो. घाट फोडणाऱ्या हातांना मात्र नाव नसते. बाजारपेठ ही जातीपातीच्या पलीकडची जागा आहे, पैशाला जात नसते, असे आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला अजूनही सांगितले जाते. ज्याने हे सांगितले त्याला कधी दुकानाच्या पायरीखाली उभे राहून वस्तू मागावी लागली नसावी. पैसे खाली ठेवायचे, वाण्याने त्यांवर पाणी शिंपडून ते उचलायचे आणि पुडी वरून टाकायची. इतका व्यवहार चाले. त्यापलीकडे उंबरठा होता. पनवेलच्या नाक्यावर बाबासाहेबांना पाणी मिळाले नाही, आणि सोनबा नावाचा माणूस त्यानंतर वर्षानुवर्षे भरलेली घागर घेऊन त्यांची वाट पाहत बसला, ही कथा आपल्या गायकांनी घरोघर पोहोचवली आहे. तिच्यात विहीर नाही, तळे नाही, देऊळ नाही. प्रवाशांची वर्दळ असलेला नाका आहे.

महाडचा सत्याग्रह पनवेलच्याच, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातला. चवदार तळ्याबद्दल आपण पुष्कळ लिहितो. परिषदेच्या जागेबद्दल कमी लिहितो. डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी मांडव घालायला महाडातल्या एकाही हिंदू मालकाने जमीन दिली नाही. जमीन दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. गावच्या व्यापाऱ्यांनी शिधा विकण्यास नकार दिला, तेव्हा तो बाहेरून आणावा लागला. पाण्याच्या हक्कासाठी जमायचे, तर आधी जमायला जागा हवी, आणि जागा ज्याच्या मालकीची त्याच्या मर्जीवर आपला इतिहास अवलंबून. या दृष्टीने आपल्या चळवळीचा इतिहास कोणीतरी सभागृहांच्या अंगाने लिहायला हवा.

त्यात पहिले प्रकरण परळच्या दामोदर हॉलचे येईल. गिरणीमालक ठाकरसी घराण्यातील दामोदर ठाकरसींच्या नावाने उभा राहिलेला हा हॉल ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचा. आजूबाजूला गिरण्या, चाळी, खानावळी. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली. त्या विचारविनिमयातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिचे कार्यालयही येथेच थाटले गेले. ज्या रंगमंचावर कोकणातले गिरणीकामगार रात्रपाळी सांभाळून नाटके करीत, त्याच इमारतीत दिवसा बहिष्कृतांच्या वसतिगृहांचे आणि वाचनालयांचे कागद लिहिले जात होते. कला आणि चळवळ यांच्यात भिंत घालण्याची चैन आपल्याला कधी परवडली नाही, याचा हा पुरावा समजावा. मालकाच्या दानातून उभे राहिलेले सभागृह मालकाच्या कल्पनेत नसलेल्या कामासाठी वापरले गेले. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी या नाट्यगृहावर पडदा पडला. नाट्यकर्मी रस्त्यावर आले आणि ते योग्यच झाले. त्या आंदोलनाच्या बातम्यांत मी बहिष्कृत हितकारिणी सभेचे नाव शोधत होतो. ते मला फार थोड्या ठिकाणी सापडले. रंगभूमीचा वारसा तेवढा वारसा ठरला.

गिरण्यांपाशी आलोच आहोत, तर धोट्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझे विद्यार्थी ती दर वर्षी नव्याने ऐकतात आणि दर वर्षी वर्गात तशीच शांतता पसरते. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण साचेखात्यात नव्हते. साचेखाते म्हणजे विणकामाचा विभाग. तेथे पगार अधिक. अस्पृश्यांना कामे मिळत ती त्रासनखात्यासारख्या कमी पगाराच्या विभागांत. कारण असे की, धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागणार. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा स्पृश्य साचेवाला तोंडाला लावणार नाही. यंत्र विलायतेचे, भांडवल मोठमोठ्या शेठांचे, लढाऊ युनियन लाल बावट्याची, आणि या तिघांच्या मध्ये विटाळ सुखाने नांदत होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी संपसमितीपुढे मागणी ठेवली की, अस्पृश्य कामगारांना साचेखात्यासह सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे. ती मागण्यांच्या यादीत आली, पण सुखासुखी नाही. संपाला आमचा पाठिंबा हवा असेल तर हा प्रश्न घ्यावा लागेल, असे बजावावे लागले.

माझ्या आज्याचे तूस आणि त्या कामगारांचे त्रासनखाते यांत मला फरक दिसत नाही. एक कोकणातल्या लहान बाजारात, दुसरे मुंबईच्या महाउद्योगात. उत्पादनाच्या एका टप्प्यापर्यंत आमचा हात चालतो. माल बाजारात जायला तयार झाला की तोच हात बाटवतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्या संपातून गिरणगाव पुन्हा उठले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होईल, बांधकामाखालच्या जमिनीची नाही, असे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच दुरुस्ती उचलून धरली. शेकडो एकर जमिनीतून शहराच्या वाट्याला तुकडे आले. फिनिक्स मिलचा मॉल झाला, चिमणी शोभेला राहिली. आणखी कुठे शेडींमध्ये कलादालने, उपाहारगृहे, कचेऱ्या आल्या. जुन्या विटा उघड्या ठेवायच्या, लोखंडी खांबांना रंग द्यायचा, आणि ज्यांनी त्या खांबांखाली आयुष्य काढले त्यांच्या नातवाला दाराशी पिशवी तपासून आत सोडायचे. या सौंदर्यदृष्टीची मला चीड येते. पण चीड ही भूमिका नव्हे.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय योजले, हे चांगले आहे. तेथे साचे येतील, धोटे येतील, कामगारांची चित्रे येतील. माझा प्रश्न एवढाच की, काचेच्या पेटीत धोटा ठेवल्यावर त्याच्या खाली काय लिहिणार? 'विणकामाचे साधन' असे लिहिले तर ते खोटे नाही. पण ते भातगिरणीच्या फलकासारखे होईल.

येथे आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. याच इंडिया युनायटेडची सहावी गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल, चैत्यभूमीच्या शेजारची. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते तिच्या आवारात शिरले आणि ठाण मांडून बसले. तो दिवस माझ्या विद्यार्थिदशेतला. आम्ही चैत्यभूमीच्या रांगेत होतो आणि बातमी रांगेतून पुढे सरकत आली. साडेबारा एकर जमीन सरकारला सोडावी लागली. ११ ऑक्टोबर २०१५ ला स्मारकाचे भूमिपूजन झाले. मुंबईत बिल्डरांनी गिळलेल्या एवढ्या गिरण्यांत एक गिरणी चळवळीने ओढून काढली, याचा अभिमान मला आजही आहे. मात्र त्यानंतर आमची सगळी चर्चा पुतळ्याच्या उंचीवर खर्च झाली. गिरणीची एक तरी शेड राखा, तिथे १९२८ चा संप, साचेखात्याची मागणी, जलसे, गिरणीकामगारांतून आलेले शाहीर आणि कवी यांचे दालन करा, अशी मागणी आमच्यातून जोराने उठली नाही. मीही ती केली नाही. गिरणी म्हणजे भंगार, तिथे स्मारक यायचे तर जमीन साफ हवी, असेच आम्ही धरून चाललो. जुन्या इमारतींचे प्रेम हा पांढरपेशांचा छंद, आपले घर नेहमी पडके, आपल्याला नवे आणि उंच हवे, ही भावना मी समजू शकतो. माझ्या घरातही ती आहे. पण तिच्यामुळे आपण आपल्याच श्रमाचे पुरावे पाडायला लावतो, हेही खरे.

काही मित्र म्हणतात, कलाकेंद्रे हवीतच कशाला? शाळेत शिक्षक नाहीत, वसतिगृहात जेवण नाही. या मित्रांच्या मागे फार मोठे नाव उभे आहे, म्हणून त्यांना हसण्यावारी नेता येत नाही. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात भव्य मंडई बांधण्याचा विषय आला तेव्हा त्यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडई झालीच. १८८६ साली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिच्यावर त्यांचे नाव. मंडईत भाजी घ्यायला जाणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक आहे? नाव देऊन विरोध मिटवण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

जोतीरावांचा विरोध दगडमातीला नव्हता. सार्वजनिक पैशाचा पहिला वाटेकरी कोण, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांनी शाळा काढल्या, नाटक लिहिले, पोवाडा रचला, त्यांना कलेचे वावडे असणे शक्य नाही. म्हणून जुन्या गिरणीचे कलाकेंद्र करायला मी विरोध करणार नाही. तिचा पहिला वाटेकरी कोण, हे मात्र विचारीन.

कोल्हापुरात हा प्रश्न वेगळ्या रीतीने पडला आहे. शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. तिथे महाराजांचे स्मारक करायचे हे ठरून बरीच वर्षे झाली. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे कृतज्ञता पर्व झाले, तेव्हा त्या बंद गिरणीत प्रदर्शने आणि कार्यक्रम भरले, लोक लोटले. गंगाराम कांबळे यांना याच महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले, आणि तिथे स्वतः जाऊन चहा घेतला. एका महाराच्या दुकानाचा उंबरठा राजाने ओलांडला, तो व्यापाराच्या जागेतच. शाहू मिलमध्ये काही करायचे तर माझ्या मते भव्य दालनाच्या आधी तिथे गंगारामचे चहाचे दुकान हवे, चालते, कपबशी सर्वांना सारखी असलेले.

परदेशातला एक दाखला सांगतो, कारण तो आपल्या उपयोगाचा आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात पत्र्याची पिंपे बनवणारा एक जुना कारखाना होता. लिना बो बार्डी या वास्तुविशारद बाईंना तिथे नवे केंद्र बांधायला सांगितले. त्या पाहायला गेल्या, तर सुटीच्या दिवशी त्या रिकाम्या शेडींत पोरे चेंडू खेळत होती, बायामाणसे खाणे शिजवीत होती, नाटकवाले तालीम करीत होते. बाईंनी ठरवले की हे आहे तेच राखायचे. १९८२ साली ते केंद्र खुले झाले. आपल्याकडे संप सुरू झाला तेच साल. ते चालवणारी संस्था व्यापारी आस्थापनांच्या पगारपत्रकावर बसवलेल्या सक्तीच्या वर्गणीतून चालते. हे ऐकून फार अचंबा वाटू देऊ नये. आपल्याकडे १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आहेच. मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून कामगार कल्याण केंद्रे चालतात, कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात. त्या स्पर्धांतून रंगभूमीला किती नट मिळाले! रीत आपल्यापाशी आहे. ती रीत आणि रिकाम्या गिरण्या यांची गाठ मात्र कोणी घालून दिली नाही.

गेल्या जयंतीला आमच्या विद्यार्थ्यांनी जलसा बसवला होता. ढोलकी, झांज, दहा पोरे, तीन पोरी. शहरातील एका सभागृहाकडे गेलो. भाडे, अनामत, ध्वनियंत्रणेचे वेगळे पैसे, आणि वर 'कार्यक्रम राजकीय नाही' असे लिहून द्या. शेवटी जलसा वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पटांगणात झाला आणि उत्तम झाला. माणसे दाटीने बसली होती. पण पोरांच्या मनात राहिले ते राहिलेच. एकाने मला विचारले, 'सर, खऱ्या स्टेजवर आपण कधी करायचे?' पटांगण हेच खरे स्टेज, कर्डकांपासून सगळे जलसाकार तिथेच उभे राहिले, असे मी सांगितले. सांगताना माझ्या लक्षात आले की, मी त्याला समजूत घालतो आहे.

म्हणून रसिक मंडळींना मी पान पाठवले नाही, पत्र पाठवले. जलशाला, भजनी मंडळाला, आदिवासी पाड्यांवरच्या नाचाला, बैंज्यो पार्टीच्या पोरांना भाडे किती पडणार? व्यवस्थापन समितीत माथाडी, भाजीवाल्या, सफाई कामगार यांची माणसे असणार की फक्त आमच्यासारखे पदवीधर? आणि फलक दर्शनी दारावर लावणार असाल, तर मागच्या अंगणात, तूस पडायचे त्या जागी, दुसरा फलक लावाल का? तो मजकूर मी फुकट लिहून देईन. वास्तुविशारदांचा दूरध्वनी आला. मागचे अंगण आराखड्यात वाहनतळासाठी धरले आहे, पण विचार करू, म्हणाले. माणूस मनाने बरा आहे. तूस म्हणजे नक्की काय, ते त्यांनी मला विचारून घेतले.

पुढची बैठक गिरणीच्या आवारातच आहे. मी आईला घेऊन जाणार आहे. लहानपणी ती चुलीसाठी तूस आणायला मागच्या बाजूला जात असे. पुढच्या दाराने ती अजून आत गेलेली नाही.